दम धर

शेवटून दुसऱ्या ओळीपाशी पद्मजा थबकली. स्कॅनच्या रिपोर्टचं त्याआधीचं पानभर स्पॅनिश तिने अर्ध्या तासात इंग्रजीत आणलं होतं. डाव्या फुप्फुसाभोवती पाणी. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी घासलेल्या काचेसारखा धुरकटपणा. उजवीकडे एक डाग. भाषांतराच्या कामात हे शब्द तिच्या हाताखालून शेकडो वेळा गेले होते. फक्त आजवर एकाही फुप्फुसाची घरची माणसं तिच्या दिवाणखान्यात येऊन बसली नव्हती.

दाजी सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. दिलेला चहा तसाच निवत होता. त्यांचा मुलगा धनेश मालवाहू जहाजावर खलाशी. ताप आणि खोकला वाढला म्हणून चार दिवसांपूर्वी त्याला पेरू देशातल्या कायाओ बंदरात उतरवून इस्पितळात ठेवलं आणि जहाज पुढे निघून गेलं. त्याला विमानाने घरी आणता येईल का, हे पनवेलचे डॉक्टर रिपोर्ट इंग्रजीत वाचल्याशिवाय सांगायला तयार नव्हते. म्हणून दाजी सुनेला, मनिषाला घेऊन नवीन पनवेलात पद्मजाचं घर शोधत आले होते.

रुग्ण सहकार्य करत नाही, असं काहीतरी त्या ओळीत होतं. अशा ठिकाणी इंग्रजीत नेहमी जे लिहितात तेच पद्मजाने टाइप केलं. अनकोऑपरेटिव्ह पेशंट.

मनिषा खुर्चीमागे उभी राहून वाचत होती. "मॅडम, हे त्यांचं ऐकत नव्हते, असं लिहिलंय का?"

दाजींनी मान वर केली. "धनेश भांडला काय कुनाशी?"

"तसं नाही हो." पद्मजा खुर्ची वळवून बसली. "मशीन फोटो काढतं तेव्हा दहा-बारा सेकंद श्वास रोखायचा असतो. शेजारच्या खोलीतून स्पीकरवर तसं सांगतात. यांनी रोखला नाही, म्हणून फोटो हलले. तो उजवीकडचा डाग म्हणजे रक्ताची गाठ आहे की जुना व्रण, ते त्यांना ठरवता येत नाहीये."

"कंच्या बोलीत सांगला?"

"स्पॅनिशमध्ये."

"मंग त्याला कलला नाय. त्यान त्याचा काय चुकला?"

दाजींचा आवाज चढला नव्हता. पद्मजाने पुन्हा मूळ कागद हातात घेतला. वाक्य तिथे संपत नव्हतं. पुढे आणखी तीन स्पॅनिश शब्द होते: 'भाषेच्या अडचणीमुळे'. ते तिने मघाशी वाचलेही होते, पण सवयीने बोटं आधीच पुढे गेली होती. तिने ओळ खोडली आणि नव्याने लिहिली. रुग्णाला स्पॅनिश येत नसल्याने श्वास रोखण्याच्या सूचना समजल्या नाहीत. मनिषाने ती दोनदा वाचली आणि दाजींना मराठीत सांगितली.

शेवटची ओळ होती, तपासणी उद्या सकाळी आठ वाजता पुन्हा करावी. पद्मजाने वरची तारीख पाहिली. कालची. मग भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. इथे संध्याकाळचे सहा वाजत होते. तिकडे सकाळचे साडेसात.

"त्यांचा फोन लागतो का?" तिने विचारलं.

तिसऱ्या वेळी लागला. मनिषाने स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. धनेशचा आवाज घोगरा, दोन शब्दांमागे एक धाप. पद्मजाने आपण कोण ते सांगितलं आणि सरळ मुद्द्यावर आली.

"आता मशीनमध्ये नेतील तेव्हा तीन गोष्टी सांगतील. 'तोमे आइरे' म्हणजे श्वास आत घ्या. 'नो रेस्पिरे' म्हणजे रोखून धरा. मग नुसतं 'रेस्पिरे' म्हणतील, तेव्हा सोडायचा. त्याआधी नाही."

मग धनेश म्हणाला, "काल सारखं हेच बोलत होते. मला फक्त 'नो' कळायचं. मला वाटलं, माजं काय खरं नाय, तेच सांगतायत."

मनिषाने पदर तोंडाशी धरला.

"आपण एकदा करून बघू," पद्मजा म्हणाली. स्पीकरवरच्या माणसाचा कोरा आवाज तिने काढला. "तोमे आइरे. नो रेस्पिरे."

चार सेकंदांच्या पुढे जायच्या आत धनेशला खोकल्याची उबळ आली. बराच वेळ ती थांबेना. दाजी उठून टेबलापाशी आले आणि फोनवर वाकले.

"घाई करू नको. खारीच्या पान्यात बुडी मारताना घ्यायचास तसा घे. आदी सगला भाईर सोड, मंग हलू घे. आनी दम धर. आमी हाव इथं."

पद्मजाने पुन्हा म्हटलं. "तोमे आइरे." फोनमधून एक लांब, घरघरता श्वास आत गेल्याचं ऐकू आलं. "नो रेस्पिरे."

सगळं शांत झालं. तिकडे लांब कुठेतरी ढकलगाडीची चाकं वाजली आणि पलीकडे निघून गेली. दाजी एकेक बोट मिटत होते. एक हात संपला, दुसरा सुरू झाला. मनिषा फोनकडे बघत होती, पापणी न हलवता. दुसरा हातही मिटला, तरी खोकला आला नाही. पद्मजा टेबलाची कड धरून त्या शांततेकडे कान लावून बसली होती, आणखी एक सेकंद, आणखी एक.

दाजींनी तिच्या मनगटाला हात लावला.

"बाय," ते हळूच म्हणाले, "आता त्याला सोडाला सांग."