उरलेलं अर्धं

पाय मोडलेल्या म्हाताऱ्याला वेदनाशामक इंजेक्शन देऊन मोठ्या सिस्टर औषधांच्या खोलीत आल्या. त्याला अर्धंच लागलं होतं. उरलेलं अर्धं सिरिंजमध्ये होतं. औषध नशा आणणारं, म्हणून उरलेलं दुसऱ्या नर्सच्या डोळ्यांदेखत बेसिनमध्ये सोडायचं, असा नियम होता.

त्यांनी धाकट्या सिस्टरला हाक मारली. ती एका पेशंटचं ड्रेसिंग करत होती. मान वर न करताच तिनं सांगून टाकलं, की तुम्हीच टाकून द्या, मी पाहिलं असं समजा. वॉर्डात सगळ्या मोठ्या सिस्टरांना ‘मदर’ म्हणायच्या. ऑपरेशनला निघालेले पेशंट त्यांना जवळ बोलावून प्रार्थना करायला सांगायचे. मदरवर कोण नजर ठेवणार?

त्यांच्या हातून खोलीचं दार आपोआप लोटलं गेलं.

आधीच्या हॉस्पिटलात असंच उरलेलं औषध त्यांनी एकदा स्वतःला टोचून घेतलं होतं. मग कितीदा तरी. त्यातून सुटताना जीव मेटाकुटीला आला होता. इथं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आज सकाळपासून कंबर ठणकत होती. डोकं विसरलं असेल, पण अंगाला ते सुख अजून पाठ होतं.

त्यांनी डोळे मिटले. प्रभू, मला बळ दे, त्या पुटपुटल्या. ही प्रार्थना रोजचीच. बळ दे, म्हणजे कुणाला काही कळायला नको. आज तो शेवटचा भाग त्यांना स्वतःलाच ऐकू आला. डोळे उघडून पाहतात तर डाव्या हाताची बाही कोपराच्या वर गेलेली. केव्हा सरकवली, आठवेना.

त्यांनी तिथंच फरशीवर गुडघे टेकले. कमरेतून कळ गेली.

“येशू, माझ्यात बळ नाहीच,” त्या म्हणाल्या. “मला तोंड उघडायला लाव.”

उठून त्यांनी दार सताड उघडलं आणि सिरिंज सगळ्यांना दिसेल अशी धरून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. धाकटीचं काम लवकर संपेना. त्या हलल्या नाहीत.

शेवटी ती हात पुसत, जराशी वैतागूनच आली. तुमच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर, असं काहीतरी म्हणाली.

“माझ्यावर नकोच ठेवू,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “आधीच्या हॉस्पिटलात मी हे घेत होते. आत्ताही घेणार होते.”

धाकटीची नजर त्यांच्या उघड्या हाताकडे गेली. ती बेसिनपाशी येऊन उभी राहिली, अगदी खांद्याला खांदा लावून. मोठ्या सिस्टरांनी सिरिंजचा दट्ट्या दाबला. औषध गेलं. मग त्यांनी औषधांच्या कपाटाची किल्ली खिशातून काढून तिच्या हातावर ठेवली.

मेट्रनला कळलं तर नोकरी जाईल, धाकटी हळूच म्हणाली. आपण कुणाला सांगणार नाही, असंही म्हणाली.

“मेट्रनला मीच सांगणार आहे. ड्यूटी संपली की तू बरोबर चल,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “एकटी गेले, तर अर्ध्या जिन्यावरून परत येईन.”