वळणावरचा खड्डा

खड्डा नव्हता. रांगोळीचे डबे हातात घेऊन आसावरी डांबराच्या ताज्या काळ्या चौकोनाकडे बघत उभी राहिली.

कोलशेतच्या या वळणावर सात महिन्यांपूर्वी तिचा नवरा विनीत खड्ड्यात स्कूटर आदळून पडला. मागून ट्रक येत होता. तेरावा उरकला आणि चौदाव्या दिवशी सकाळी सहाला ती इथे येऊन बसली. तेव्हापासून रोज. शाळेत चित्रकला शिकवणारा हात. खड्ड्याभोवती रांगोळीने कधी बेडूक काढायची, खड्डा म्हणजे त्याचं उघडं तोंड. कधी वड्यांची कढई, कधी हत्तीचा डोळा. लोक हसायचे, फोटो काढायचे आणि गाडी बाजूने न्यायचे. सात महिन्यांत तिथे दुसरं कोणी पडलं नाही. तिला तेवढंच हवं होतं.

दुधाच्या पहिल्या फेरीला निघालेल्या गणूने स्कूटर थांबवली.

“वहिनी, जिंकलात की! पालिकेने रात्रीच बुजवला. मी स्वतः उभा होतो. म्हटलं, नीट दाबा रे, नाहीतर आमच्या वहिनी उद्या मगर काढतील.”

“आता मी काय काढू मग?”

“आता झोप काढा!” तो हसत निघून गेला.

ती घराकडे वळली आणि दहा पावलांवर थांबली. विनीत नेमका कुठे पडला, हे आता कोणालाच कळणार नव्हतं. वर्षभराने कदाचित तिलाही नाही. ती परत आली. कोमट डांबरावर तिने मासा काढला. मोठा, निळा, शेपटी उडवणारा. आज मध्ये कुठे खड्डा सांभाळायचा नव्हता. कित्येक दिवसांनी तिचा हात मोकळा फिरला.

डबे आवरून ती फुटपाथवर चढली, तोच गणू दुसऱ्या फेरीवर आला. पायाशी क्रेट, मागे क्रेट. माशापाशी येताच त्याने स्कूटर झटकन उजवीकडे घेतली. मागून येणाऱ्या टँकरला ब्रेक लावायलाही सवड मिळाली नाही.

रस्ताभर दूध पसरलं. आसावरीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

“कशाला वळलात, गणूभाऊ? खड्डा बुजलाय, तुम्हीच सांगितलंत ना मला!”

“ठाऊक होतं, वहिनी.” गणूला श्वास पुरत नव्हता. “पण रांगोळीवर चाक कसं घालू?”