सात्त्विक सूप

"अगं, ही बाई लाकूड का किसतेय?" क्योटोच्या बाजारात कडक सोवळं पाळणाऱ्या सासूबाईंनी विचारलं. बाहेर मेपलची झाडं लालबुंद पेटली होती. दुकानदारणीने चिमूटभर कीस त्यांच्या तळहातावर ठेवला. हुंगून त्या खुलल्या. "आपल्या सुपाचाच वास! किती सात्त्विक!"

आठवडाभर त्या हॉटेलात ते सूप मागून मागून पीत होत्या. मला पहिल्या घोटालाच कळलं होतं. माझं नाक कोळीवाड्यात वाढलंय. तरी मी गप्प बसले. लग्नाच्या बोलणीला आल्या, तेव्हा त्यांनी माझ्या आईच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"लाकूड नाही, आई. वाळवलेला मासा. त्याचंच सूप."

त्या भिंत धरून भडाभडा ओकल्या. मी त्यांची पाठ चोळली, बाटलीचं झाकण उघडलं आणि ती पुढे धरली.

"कोळणीच्या हातचं पाणी आहे. चालेल ना?"