सोळा घरांची पाटी

"आधी पाणी, मग देव," अवंती म्हणाली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिनं 'णी'च्या वेलांटीचा शेवटचा ठिपका भरला.

विश्वंभरबुवांनी नाराजीनं मान हलवली. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून त्यांनी डावा हात देव्हाऱ्याकडे केला. पहिलं वाक्य देवाच्या नावाचं हवं, असा त्यांचा सकाळपासून हट्ट होता.

"देवाला न लिहिता कळतं, बाबा. तुम्हाला तहान कधी लागली ते मला कळत नाही."

सुनेचं बोलणं ऐकून बुवा हसले. गळ्यात बसवलेल्या नळीतून नुसती हवा फुसफुसली.

टेबलावर पत्त्याएवढी हिरवी पाटी होती. दोन ओळी, ओळीत सोळा घरं. इंग्रजी अक्षरं तिच्यात कारखान्यातूनच भरून आलेली. मराठी मात्र एकेका घरात ठिपके मांडून स्वतः घडवायची, आणि तीही एका वेळी आठच. अवंतीनं कळ दाबली. वायरीतून काय जायचं ते गेलं आणि पाटी उजळली: पाणी द्या. अक्षरं जरा दातपडकी होती, पण वाचता येत होती. तिनं वायर काढली, बॅटरी आणि लाल बटण जोडून पाटी बुवांच्या गळ्यात अडकवली.

"दाबून बघा. झालं! आता 'दुखतंय' घेते."

"जय श्रीकृष्ण, काका. केम छो?"

दारात केयूर उभा होता. मागच्या गल्लीतला. तीन आठवड्यांपूर्वी स्कूटर लावण्यावरून त्यानं एका पोरावर लोखंडी सळई उगारली, तेव्हा बुवाच मध्ये पडले होते. पहिला घाव हातावर आला, दुसरा गळ्यावर.

आत येऊन त्यानं टेबलावर तडजोडीचा कागद ठेवला. "समाधान करून टाका ने, काका. एक सही. डाव्या हातानं पण चालशे."

बुवांचा मुलगा तन्मय प्रतापनगरच्या वर्कशॉपमधून नुकताच आला होता. आतून हात पुसत बाहेर आला. "चालता हो."

"अरे भाई, केस करून शुं मळशे? कोणी मारलं ते कोर्टात काका बोलणार कसे?" केयूर हसला आणि बुवांच्या छातीवरच्या पाटीला त्यानं टिचकी मारली. "ह्या रमकड्यानं? ह्या खेळण्यानं?"

ती टिचकी पुरली.

तन्मयनं त्याची मानगूट धरून तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एक दात कीबोर्डावर पडला. केयूर सावरायच्या आत त्यानं पुन्हा आपटलं. अवंती नवऱ्याच्या शर्टाला लोंबकळली, तर तन्मयचं कोपर तिच्या नाकावर बसलं आणि ओठावर ऊन ऊन रक्त आलं. केयूरनं लाथा झाडल्या. पायात वायरी गुंतल्या, मॉनिटर धाडकन फरशीवर आला आणि त्याच्यामागून केयूरही. तन्मय त्याच्या छातीवर बसला. दोन्ही अंगठे त्यानं गळ्याच्या घाटीवर रोवले.

"इथंच मारलंस ना? इथंच ना? आता तू बोल! बोल की रे!"

केयूरच्या टाचा फरशीवर ताशासारख्या वाजत होत्या. मग हळू झाल्या.

बुवांनी तोंड उघडलं. मांडवीच्या देवळात कीर्तनाला आलेल्या चारशे माणसांचा गलका ज्या गळ्यानं एका आलापात बसवला होता, त्या गळ्यातून वारा आला. त्यांनी डाव्या हातानं मुलाचा खांदा ओढला, पाठीवर बुक्क्या मारल्या. तन्मयनं वळूनही पाहिलं नाही. अवंती 'सोड' लिहायला कीबोर्डाकडे सरपटली, पण काय उपयोग? पडदा काळा पडला होता. पाटीत एकच वाक्य होतं.

बुवा गुडघ्यांवर बसले. त्यांनी पाटी गळ्यातून काढली, मुलाच्या आणि केयूरच्या तोंडांच्या मध्ये धरली आणि बटण दाबलं.

पाणी द्या.

कीर्तनात पूर्वरंग संपला, बुवांना बुक्का लावून हार घातला, की ते 'पाणी द्या' म्हणायचे आणि पेटीवाल्याच्या मागून भांडं घेऊन उठायचं ते तन्मयनं. सातव्या वर्षापासून हे काम त्याचं, आणि तीस वर्षांत कधी कोणाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नव्हतं. त्यानं अक्षरं वाचली. अंगठे आपोआप सुटले. तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. आत भांड्याला भांडं लागल्याचा आवाज झाला. खाली केयूर कुशीवर वळला आणि करवत ओढल्यासारखा श्वास घेऊ लागला.

तन्मयनं भांडं आणून वडिलांपुढे धरलं. अर्धं पाणी वाटेतच सांडलं होतं.

"घ्या, बाबा."

बुवांनी ते घेतलं नाही. त्यांनी बोट खाली केलं.

"ह्याला?" तन्मयचा आवाज फाटला. "ह्यानं तुमचा गळा नेला, बाबा. ह्याला?"

पाटी विझली होती. बुवांनी पुन्हा बटण दाबलं.

अवंतीनं पदरानं नाक धरलं होतं. ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग तन्मय खाली बसला. डोकं उचलून पाणी पाजावं म्हणून त्यानं हात पुढे केला, तसा केयूरनं डोळे मिटून दोन्ही हातांनी आपला गळा झाकला.

तन्मय भांडं धरून थांबला. पाटी विझू नये म्हणून बुवांनी बटण दाबूनच धरलं होतं.