चकतीवरचं साल

टेलिफोन खात्यातला लाइनमन खांबावरून पडून गेला, त्याला तीस वर्षं झाली. परवा गोदाम आवरताना खात्याला त्याचा तपासणीचा रिसीव्हर सापडला म्हणे. तो लेकीने दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर ठेवला.

"आई हा छातीशी धरून रडतेय. बाबांचाच आहे, की कुणाचाही आमच्या गळ्यात मारलाय, एवढंच सांगा."

"कानाकडच्या झाकणाखाली आवाज काढणारी चकती असते. तिच्यावर बनावटीचं साल असतं. ते बाबा गेल्यानंतरचं निघालं, तर सोक्षमोक्ष लागला."

दुरुस्तीवालाही एकेकाळचा लाइनमनच. सवयीने त्याने रिसीव्हर कानाला लावून फुंकर मारली. लाइन जिवंत असेल तरच आपली फुंकर आपल्याला ऐकू येते. इथे तर वायरीचे चिमटे टेबलावर मोकळे पडले होते. तरी फुंकर ऐकू आली. त्याने एकदाच मारली होती, ऐकू दोनदा आली.

त्याने झाकण फिरवून काढलं. आत चकती नव्हतीच, नुसती पोकळी.

झाकण हातात धरूनच त्याने विचारलं, "बाबा लाइन तपासताना किती वेळा फुंकायचे?"

"दोनदा. सगळे हसायचे त्यांना," म्हणत ती आत बघायला वाकली.

पंखा बंद होता. तिच्या कपाळावरची बट उडाली. मग पुन्हा उडाली.