बर्फातली संक्रांत

हॉटेलच्या खोलीत किटलीचं बटण खट्कन वर उडालं. सासूबाईंनी चहा ओतला.

"तुझे सासरे गेले, तेव्हा पहिली संक्रांत मी स्वयंपाकघराचं दार लावून काढली. तू बर्फात काढ. जा, लेकीला घेऊन घसर."

हिमालयात औलीला, बर्फावर यायचं त्यांनीच ठरवलं होतं. मुलगा गेल्यानंतरची ही पहिली संक्रांत. सोसायटीत घरोघरी हळदीकुंकू असणार, आणि सुनेला कुणी बोलावणार नाही. तिनं ते खिडकीतून बघत बसू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

उतारावर तिनं जाड जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढली. मोकळा गळा झाकला गेला, कपाळ टोपीखाली गेलं. आता ती चारचौघींसारखीच दिसत होती. पायांतल्या स्कीच्या लांब पट्ट्या एकमेकींत अडकून मायलेकी धपकन आपटल्या. "अगं, धर मला!" म्हणत ती कित्येक महिन्यांनी खळखळून हसली.

"अय्या, मराठी!" शेजारी धडपडणारी एक बाई तिचाच दंड धरून उभी राहिली. "संध्याकाळी हॉटेलात हळदीकुंकू केलंय हो. नक्की यायचं, नाहीतर ओढत नेईन!" खिशातली तिळाची वडी तिच्या हातावर ठेवून बाई घसरत गेलीसुद्धा.

ती हातातल्या वडीकडे बघत राहिली. लेकीनं अर्धी मोडून तोंडात टाकली. तिचे डोळे चमकले.

"आई, मग आज त्या काकू तुलापण कुंकू लावतील ना?"