अकरा ते तीन

वीजनिर्मितीच्या आलेखात रोज अकरा ते तीन खड्डा पडत होता. सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचा आग्रह माझा होता, आणि ते काढून टाकायचं का, हे आज संध्याकाळच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं. वायरी आणि इन्व्हर्टर दोनदा तपासून झाले होते. शेवटी भर दुपारी मीच वर गेले.

पॅनेलांवर जुनं धोतर अंथरून परचुरेकाकू कुरडया वाळत घालत होत्या.

"अहो काकू, एका पॅनेलवर सावली पडली तरी सगळी ओळ मंदावते."

"चार कुरडयांनी काय मंदावतंय?" त्यांनी धोतराचं टोक सारखं केलं. "कालच्या वाळल्यात, तळून आणते मीटिंगला. पण माझं मत काढायच्याच बाजूनं हं. भर उन्हात जे चालत नाही, ते सोलर कसलं?"